लसीआधी पंप बंद? मुळीच करू नका

मावशीने चार दिवस दम्याचा प्रिव्हेंटर पंप, म्हणजे रोज ओढायचा स्टेरॉइडचा इनहेलर, घेतला नव्हता. रात्रीचा खोकला वाढला, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा खोदून विचारल्यावर तिने फोनवरचा एक मेसेज पुढे केला. वर ‘दम्याच्या रुग्णांनो, सावधान’ आणि खाली पाच मुद्दे. फ्लूच्या लसीने दम्याचा अटॅक येतो. लसीतूनच फ्लू होतो. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर लस जिवावर बेतते. लस घ्यायचीच असेल तर आधी आठ दिवस स्टेरॉइडचा पंप बंद ठेवा, नाहीतर ती लागू पडत नाही. आणि लस दर वर्षी घ्यावी लागते, म्हणजे ती निरुपयोगीच. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

चौथ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण माझ्या घरात त्यानेच नुकसान केलंय. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते आणि प्रिव्हेंटर ती दाबून धरतो. तो थांबवला की पहिले एक-दोन दिवस फारसं काही जाणवत नाही. माणसाला वाटतं, जमतंय की पंपाशिवाय. मग सूज हळूहळू परत येते, आणि अशा छातीला साधी सर्दीसुद्धा भारी पडते. ‘स्टेरॉइड’ या शब्दाला घाबरणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं: पंपाच्या एका पफमधला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, बहुतेकदा १०० किंवा २००. मोठा अटॅक आला की प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्याच गोळ्या द्याव्या लागतात, त्या मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ४० मिलिग्रॅम. म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. पंप टाळून अटॅक ओढवून घेतला, तर ज्याला भीत होतो तेच कितीतरी पटींनी पोटात जातं.

फ्लूच्या लसीसाठी पंप एक दिवसही थांबवावा लागत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या मोठ्या डोसमध्ये बरेच दिवस चालू असतील, तर लसीला शरीराचा प्रतिसाद थोडा कमी पडू शकतो. लस कधी घ्यायची ते तेव्हा डॉक्टरांना विचारावं. गोळ्या मनाने बंद करणं तर पंप बंद करण्यापेक्षाही धोक्याचं.

आता अटॅकचं. ‘अगं, पण माझ्या ओळखीतल्या एकीला लस घेतल्यावर तिसऱ्याच दिवशी त्रास झाला,’ मावशी म्हणाली. झाला असेल, मी नाकारत नाही. पण तो लसीमुळे झाला का, हे एकट्या माणसाच्या अनुभवावरून कळत नाही. त्यासाठी तुलना लागते आणि ती झालेली आहे. अमेरिकन लंग असोसिएशनच्या दमा संशोधन केंद्रांनी केलेला अभ्यास २००१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ३ ते ६४ वर्षं वयाचे, दमा असलेले २,०३२ जण. प्रत्येकाला काही आठवड्यांच्या अंतराने दोन इंजेक्शनं दिली: एक लसीचं, एक लस नसलेलं. आधी कोणतं दिलं, हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. पुढच्या दोन आठवड्यांत दमा बळावला तो लसीनंतर २८.८ टक्के जणांचा, आणि लस नसलेल्या इंजेक्शननंतर २७.७ टक्के जणांचा. हा फरक नगण्य आहे. दम्याच्या माणसाला कुठल्याही दोन आठवड्यांत त्रास होण्याची शक्यता मुळातच एवढी असते, आणि त्याआधी लस घेतलेली असली की बोट तिच्याकडे जातं. लसीनंतर खरोखर जास्त आढळलं ते अंग दुखणं: २५.१ टक्के, दुसऱ्या बाजूला २०.८.

लसीतून फ्लू होत नाही. इंजेक्शनच्या लसीत जिवंत विषाणूच नसतो. नाकात फवारायच्या लसीत मात्र कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो, आणि दमा किंवा छातीत घरघर असलेल्या लहान मुलांना ती देताना सावध राहावं लागतं. मेसेजमध्ये अर्धसत्य असेल तर एवढंच, आणि नेमकं तेच त्यात लिहिलेलं नाही.

अंड्याचा मुद्दा जुना झाला. कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून केलेल्या बहुतेक लसींच्या डोसमध्ये अंड्याचं प्रथिन एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी उरतं, आणि अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने २०२३ मध्ये अशा अ‍ॅलर्जीसाठीची जादा खबरदारीही काढून टाकली. आधी फ्लूच्याच लसीची तीव्र रिअ‍ॅक्शन आली असेल, तर ती वेगळी गोष्ट. ती डॉक्टरांना सांगायलाच हवी.

दर वर्षी घ्यावी लागते ती विषाणू बदलतो म्हणून, आणि मिळालेलं संरक्षणही काही महिन्यांत ओसरतं म्हणून. हो, ही लस शंभर टक्के नाही. विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षीही फ्लूसाठी डॉक्टरकडे जायची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच कमी होते. दम्याचे सगळे अटॅक तिने थांबतील असंही मी म्हणणार नाही. धूळ, धूर, इतर सर्दीचे विषाणू आहेतच. पण २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेत इस्पितळात दाखल झालेल्या २७२ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात २८ टक्के दम्याचे होते. मावशीला त्या रांगेत उभं करायची माझी तयारी नाही.

काल रात्रीपासून तिचा पंप पुन्हा सुरू झालाय, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, नंतर चूळ भरून. धाप अजून आहे, म्हणून डॉक्टरांनी लस थोडी पुढे ढकलली आहे. छाती मोकळी झाली की घ्यायची, असं ठरलंय, आणि तो मेसेज तिने स्वतःच्या हाताने डिलीट केलाय.