पांढरी पाच, किंचित चढी

मागच्या गणपतीतला व्हिडिओ आमच्या हिने काढलाय. चार मिनिटं अकरा सेकंद. त्यात माझे डोळे मिटलेले, मान मागे, खालचा ओठ दाताखाली. अक्कलदाढ काढून घेणारा माणूस दिसतो तसा मी दिसतो. ऐकू येतो तो कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि पहिल्या रांगेतलं कुणाचं तरी पोर. "आई, शूऽऽ" हे त्याचं अगदी स्वच्छ येतं. माझा गिटारचा सोलो येत नाही.

"तुम्ही वाजवत होतात ना नक्की?" हिने विचारलं. टोमणा असता तर परवडलं असतं. तिला खरंच शंका होती.

कीबोर्डवर आमच्या ऑफिसातले साहेब असतात. ते दहाही बोटांनी वाजवतात, आणि माझा संशय आहे की मधूनमधून कोपरही लावतात. वर्षाच्या शेवटी आपला गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या माणसाला "सर, जरा आवाज कमी करता का?" असं म्हणता येत नाही. म्हणजे आपला वाढवणं आलं. माझ्या गिटारच्या अँप्लिफायरचं, म्हणजे अँपचं, बटण तर आधीच दहावर होतं. वाद्यांच्या दुकानातल्या पोराने माझी कहाणी डॉक्टरसारखी मान हलवत ऐकून घेतली आणि निदान सांगितलं, "अंकल, आपको बूस्ट लगेगा."

पार्सल आलं तेव्हा घरी आत्या एकटी होती. संध्याकाळी म्हणाली, "तुझं बूस्ट आलंय रे. पण बरणी नाहीये, लोखंडी डबी आहे. झाकण उघडत नाही."

बूस्ट पेडल म्हणजे ती डबीच. पायाने दाबायचं एक बटण, हाताने फिरवायचं एक. गिटारकडून येणारा सिग्नल मोठा करून पुढे ढकलायचा, याखेरीज तिला काही येत नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने एलपीबी-१ नावाची अशी डबी काढली, तिच्यात एकच ट्रान्झिस्टर होता. माझ्या डबीवर लिहिलं होतं २० डेसिबल. २० डेसिबल म्हणजे व्होल्टेज दहापट! महागाई भत्त्याची थकबाकी मोजावी तसा मी तो आकडा दोनतीनदा मोजून पाहिला. मग ग्वाल्हेरच्या जनकगंजातल्या आमच्या वाड्याच्या माडीवर गिटार, डबी, अँप अशी वरात जोडली, खिडक्या लावून घेतल्या (शेजाऱ्यांची काळजी, दुसरं काय), श्वास रोखला आणि बटण दाबलं.

आवाज वाढला नाही. दाट झाला, केसाळ झाला, सर्दी झालेल्या माणसाने घोंगडीत तोंड खुपसून बोलावं तसा झाला. पण वाढला म्हणाल तर नाही. खालून आत्याचा आवाज आला, "मोठा नाही झाला रे तो. घसा बसला त्याचा."

आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर. ती माधव संगीत महाविद्यालयात शिकली, १९१८ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने आमच्या ग्वाल्हेरला निघालेल्या. पुढे तीस वर्षं तिने इथल्या लष्कर नावाच्या भागातल्या पोरींकडून आकार घोटून घेतले. ग्वाल्हेरची गायकी खुल्या गळ्याची, तेव्हा आवळलेला घसा तिला दोन खोल्यांपलीकडून कळतो, मग तो माणसाचा असो की पंधरा वॉटच्या खोक्याचा. आणि निदान तिचंच बरोबर होतं, दुकानातल्या पोराचं नव्हे. अँप आधीच दहावर म्हणजे त्याच्या तोंडात पुरती एक बेडई (डाळ भरलेली पुरी) होती. त्यावर मी आणखी नऊ कोंबल्या. माणूस अशा वेळी मोठ्याने बोलत नाही, घुसमटतो. सिग्नलची लाट जेवढी मावते तेवढीच मावते, वरचा शेंडा छाटला जातो, आणि छाटलेल्या शेंड्यांचा जो खरखराट होतो त्याला आम्ही गिटारवाले प्रेमाने डिस्टॉर्शन म्हणतो. कानाचा हिशोब तर त्याहून कडक. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर, म्हणजे माझ्या पंधरा वॉटचे दीडशे. डबी वॉट देत नाही. ती नुसती शिफारसपत्र देते.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी दुसरी डबी मागवली.

माझी चूक अशी झाली की मी रात्री अकरानंतर वाचायला बसलो. साठच्या दशकात इंग्लंडात डॅलस रेंजमास्टर नावाचा एक ट्रेबल बूस्टर निघाला होता. तो पायाखाली ठेवायचा नसे, अँपच्या डोक्यावर बसवायचा. आत ओसी-४४ नावाचा एकुलता एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर. दारातच इतका लहान कपॅसिटर बसवलेला की खर्जाला फारसा प्रवेशच मिळू नये. वरचे स्वर तेवढे आत घ्यायचे आणि त्यांना चढवायचं. रॉक गिटारवाल्यांतला रोरी गॅलघर तो वापरायचा, टोनी आयोमी वापरायचा. क्वीन बँडचा ब्रायन मे तर आयुष्यभर ट्रेबल बूस्टरवर वाजवत आला, तेही वडिलांबरोबर घरी बनवलेल्या गिटारवर, जिच्या दांडीला कुणाच्या तरी घरातल्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड होतं. हे वाचल्यावर मी आमच्या माजघराच्या चौकटीकडे ज्या नजरेने पाहिलं ती हिने ओळखली आणि म्हणाली, "डबीच मागवा."

जर्मेनियमबद्दल एक गोष्ट विलायतेतली मंडळी ओझरती सांगतात, कारण तिकडे तिची गरज पडत नाही. त्याला उन्हाळा सोसत नाही. दर दहा अंशांना त्याच्यातली विजेची गळती अंदाजे दुप्पट होते. आता डबी आली मे महिन्यात, आणि मे महिन्यात ग्वाल्हेरला पारा ४५ च्या पलीकडे जातो. किल्ल्याकडे नुसतं बघितलं तरी डोळे पोळतात. सकाळी जो आवाज काचेसारखा खणखणीत, तोच दुपारी दोनला कूलरसमोर बसवूनही कढीसारखा पातळ. मी तिला फ्रीजमध्ये ठेवायला लागलो. वीस मिनिटं गार करायची, चार मिनिटं वाजवायची. तिसऱ्या दिवशी हिने कोथिंबिरीमागून ती बाहेर काढली, पुसली, माझ्या हातात दिली आणि एवढंच विचारलं, "ह्याला किती दिवस टिकतं?"

तेव्हा मी पहाटे पाचला उठू लागलो. नोकरीसाठी, परीक्षेसाठी, काकड आरतीसाठी जो माणूस कधी पाचला उठला नाही, तो ट्रान्झिस्टरला गार वाटावं म्हणून अंगणात सतरंजी टाकून बसू लागला. अंगणात एक उपद्रव होता: घूंऽऽ. जुनं वायरिंग, अर्थिंग नावापुरतं, त्यात माझ्या गिटारचे पिकअप म्हणजे चांभारचौकशा करणारे कान. भिंतीतली वीज त्यांना ऐकू येते आणि बूस्ट तिला इमानदारीने चढवून देतो. बूस्टला गाणं आणि गोंगाट यातला फरक कळत नाही. मी वायर बदलल्या, सॉकेट बदललं, गिटार धरून वाड्यात आठही दिशांना तोंड करून उभा राहिलो. पश्चिमेला किंचित कमी होतं, पण तिकडे संडास आहे.

चौथ्या पहाटे आत्या काठी टेकत बाहेर आली. मी माफी मागायच्या तयारीत. ती ओट्यावर बसली, डोळे मिटले, आणि बराच वेळ ऐकून म्हणाली, "पांढरी पाच. किंचित चढी."

मी मोबाइलवर पाहिलं. पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, तिचा खालचा स्वर ४९ हर्ट्झ. आपल्या भिंतीतली वीज ५०.

"माझी पट्टी आता इथेच उतरलीय," ती म्हणाली. "आणि पंचमही आहे रे यात. थांब, गांधारसुद्धा!" आता ५० ची तिप्पट १५० म्हणजे पंचम आणि पाचपट २५० म्हणजे गांधार, हे गणित मला बसून करावं लागलं, तानपुऱ्यातला स्वयंभू गांधार म्हणतात तो याच हिशोबाने निघतो. ट्रेबल बूस्टर खर्ज दाबून हेच वरचे स्वर पुढे आणत होता. मी अर्थिंगच्या माणसाला फोन करत होतो आणि आत्याने तोवर भैरवात आलाप सुरू केला होता.

त्या सकाळी तिने मला आत नेलं. तिचा तानपुरा दिवाणखान्यात गवसणीत उभा असतो. संधिवाताने बोटं वाकडी झाल्यापासून ती तो फार वेळ छेडू शकत नाही. गवसणी उतरवायला लावली. एक तार छेडली: टण्. कोरडी, बादलीवर चमचा मारल्यासारखी. मग तिने तार आणि घोडीच्या मधला सुती धागा, ज्याला जीव म्हणतात, नखाने सरकवला. किती? तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा. परत छेडली. काही नाही. परत सरकवला, पाव दाणा मागे. आणि तार एकदम उघडली. तेवढ्याच जोराने छेडलेली तीच तार, पण आता तिच्यातून मधमाश्यांचं पोळं उठलं, खोलीच्या चारही कोपऱ्यांत जाऊन बसलं आणि बराच वेळ बसून राहिलं.

"आवाज मोठा केला का मी?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ऐकू कसा यायला लागला?"

मी बूस्ट, कपॅसिटर, ओसी-४४ हे सगळं तिला समजावून सांगितलं. तिने ते शांतपणे ऐकलं. "म्हणजे धागाच की. पण नऊ व्होल्टचा," ती म्हणाली. नंतर असंही म्हणाली की हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी चिंच आहे, तिचा पाला चावला की गळा गोड होतो म्हणतात, त्याला पार्सलसुद्धा लागत नाही. मग मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघायला मागितला. डोळ्यांशी मोबाइल धरून पूर्ण पाहिला, शूसकट. "तू त्या पेटीवाल्याच्या सप्तकातच घोळत बसलायस. तो तिथे दहा बोटं पसरून बसलाय, तुला मांडी घालायला जागा कुठे? वर ये. आणि आधी गळा मोकळा ठेव, मग ओरड."

पेटीवाला हे आमच्या साहेबांचं नामकरण मला इतकं आवडलं की मी सल्लाही मानला. अँप दहावरून पाचावर आणला. मंडळात मी डिस्टॉर्शनचं वेगळं पेडलही लावतो, साधी बूस्टची डबी त्याच्या आधी होती ती काढून शेवटी लावली. (आधी लावली तर घाण वाढते, नंतर लावली तर आवाज, हे एक वाक्य मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पहाटे पाच ही वेळ असते हे मला आजही कळलं नसतं.) आणि सोलो एक सप्तक वर नेला. पहिल्याच तालमीला साहेबांनी कीबोर्डवरून मान वर केली. "आज गिटार जरा जास्त वाटत नाही का?" तीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेला हा सर्वोत्तम शेरा आहे. त्यानंतर त्यांनी आपला आवाज वाढवला, ते ओघानेच आलं.

यंदाच्या व्हिडिओत मी ऐकू येतो. दुसऱ्या ओळीत शुद्ध निषादाच्या जागी कोमल लागला, तोही ऐकू येतो, सगळ्यात स्पष्ट तोच. ही म्हणाली, "हो, आता नक्की तुम्हीच."

ट्रेबल बूस्टर मात्र मंडळात गेलाच नाही. तो आत्याकडे आहे. रोज सकाळी सहाला हाक येते, "सूर लाव रे." मी डबीत वायरचं एक टोक घालतो, दुसरं तसंच मोकळं सोडतो, म्हणजे घूं अधिक भरघोस येतो. गिटार खुंटीला असते, तिची गरज नसते. बाजारातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणून देतो म्हटलं, तर ते मशीन तिला मेलेलं वाटतं. हा थरथरतो म्हणे.

परवा दोन स्वर लावून ती थांबली. "आज जरा उतरलाय."

देशाच्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राखायची असते आणि ती त्या त्या क्षणाला नेटवर बघता येते. मी पाहिली: ४९.९३. इतका बारीक फरक माणसाच्या कानाला कळणं शक्य नाही असं गणित सांगतं. गणिताला आत्या नाही.

"कुणाला तरी फोन कर ना," ती म्हणाली, "थोडा चढवायला सांग."