मैलकुल्याच्या पुलाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, नमस्कार.

उत्तराला आठवडा लागला, कारण तुमची प्रतिक्रिया वाचून मी गावी जाऊन पूल पुन्हा बघून आलो. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या गावच्या पुलावरच्या माझ्या लेखात दोन ढोबळ चुका आहेत, इंग्रजी अमलातल्या दगडी पुलाला एका मैलकुल्याचं, म्हणजे रस्ता राखणाऱ्या मजुराचं, नाव देणं हा भाबडेपणा आहे, नावच द्यायचं तर खानदेशात बहिणाबाई आहेत, साने गुरुजी आहेत, आणि असले पूल जपण्यापेक्षा पाडलेले बरे, महाडचा सावित्री नदीवरचा पूल विसरलात का?

चुका दोन्ही माझ्याच. पूल बांधला तेव्हा जळगाव जिल्हा नव्हता. १९०६ पर्यंत सगळा खानदेश एकच जिल्हा होता, मग पूर्व आणि पश्चिम झाले. चुन्यात अंडी घातल्याची गोष्ट मी ऐकीव लिहून टाकली. आपल्याकडे जमिनीत सापडणारे चुनखडे भट्टीत भाजायचे आणि बैलाच्या घाण्यात वाळूबरोबर दळायचे. त्या खड्यांत मातीचा अंश असतो, म्हणून तो चुना ओलाव्यातही धरतो. अंड्यांवाचून काही अडत नाही. (आमच्या आजोबांना मात्र किती अंडी लागली तो आकडाही पाठ होता.)

आता नावाचं. मैलकुली हा शब्दच हल्लीच्या पोरांना समजावून सांगावा लागतो. रस्त्याचा ठराविक तुकडा एका माणसाच्या हवाली असायचा. खड्डे बुजवायचे, साइडपट्टीचं गवत काढायचं, गटारी मोकळ्या ठेवायच्या, झाडांना गेरू-चुना लावायचा. आमच्या गावच्या मैलकुल्याच्या, म्हणजे बाबांच्या, तुकड्यात हा पूल आला. नोकरीत होते तोवर पगारासाठी आणि निवृत्तीनंतर कशासाठी देव जाणे, पण पहिल्या पुराचं पाणी ओसरलं की पहार आणि कोयता घेऊन ते गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या कमानीखाली, उतरायचे. बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या, केळीचे खांब, वेड्या बाभळीची झुडपं, सगळं कमानीत येऊन अडकलेलं असायचं. एक गाळा तुंबला की पाणी मागे चढतं, उरलेल्या गाळ्यांतून दुप्पट जोरानं धावतं आणि खांबाचा पाया उकरतं. हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमची हयात पुलांच्या कामात गेली.

दुसरं काम पिंपळाचं. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी दगडांच्या सांध्यात पडतं, रोप वाढतं आणि मुळं दगडाला दगडापासून वेगळं करतात. मोठा पिंपळ तोडायला गावात कुणी हात लावत नाही, मुंजाची भीती. बाबा दर दिवाळीआधी कठड्याला धरून वाकायचे आणि कोवळी रोपं उपटायचे. दोन पानांचा असेपर्यंत पिंपळ काढला तर पाप लागत नाही, असं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. कुणी हटकलं तर म्हणायचे, ‘हाऊ पूल मना शे.’ (हा पूल माझा आहे.)

ज्या साहेबानं नकाशा काढला त्याचं नाव कुठल्या तरी दप्तरात असेल. असू द्या. शिरीषकुमार ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात गोळीला सामोरा गेला, त्याचं स्मारक नंदुरबारात शोभतं. साने गुरुजींनी अमळनेरला मुलं शिकवली, तिथे ते आहेत. बहिणाबाईंचं नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला लागलं. या थोरांपैकी एकाचाही पाय आमच्या ओढ्यात बुडाला नव्हता. बाबांचा बुडायचा, गुडघ्यापर्यंत, दर श्रावणात.

आता सावित्री. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडचा दगडी पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. ती बातमी वाचून मीही त्या रात्रीनंतर आमच्या पुलावरून जाताना गाडी हळू करायला लागलो. म्हणून तुमच्याशी निम्मा सहमत आहे: जड वाहनं इथून बंदच व्हायला हवीत. लेखात मी ते लिहायला हवं होतं. पण पाडायचं का? या वेळी खाली उतरलो तर मधल्या खांबाचा पाया हातभर उघडा दिसला. तो शंभर पावसाळ्यांनी उघडा पाडलेला नाही, वाळूउपशानं पाडलाय. वरून जाणारे डंपर त्याच वाळूचे. शिवाय मागच्या डागडुजीत सांध्यांत सिमेंट कोंबलंय. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंटमुळे ती आत कोंडते आणि आतला चुना भुसभुशीत होतो. पूल म्हातारा झालाय हे खरं, पण आजारी त्याला आपण पाडलंय.

तुमचा शेवटचा प्रश्न, लेखात बाबांचं नाव का नाही? पाटीवरही नाही. मी बाबांच्या सूनबाईंना विचारायला गेलो होतो. त्या भाकरी थापत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, गाव जे म्हणतं तेच लिवा. म्हणून पाटीवर फक्त ‘मैलकुल्याचा पूल’ आहे.

तुम्ही जवळच राहता असं प्रतिक्रियेवरून वाटलं. पोळ्याआधी एक दिवस काढा. तो उघडा पाया तुमच्या नजरेनं बघून घ्यायचाय, आणि तहसीलदारांना द्यायच्या अर्जात तांत्रिक भाग तुम्ही लिहिलात तर त्याला वजन येईल. येताना जुने बूट घाला, गाळ अजून ओला आहे.