चुकावे, पण खणखणीत आवाजात

शेअर बाजारावर दूरचित्रवाणीवर बोलून नाव कमवावे असे तुमच्या मनात असेल, तर अमेरिकेतील जिम क्रेमर यांची कारकीर्द समोर ठेवावी. सुरुवातीला थोडी पुंजी लागते, हे खरे. हार्वर्डची कायद्याची पदवी, गोल्डमन सॅक्समधील नोकरी आणि १९८७ साली काढलेला स्वतःचा हेज फंड (म्हणजे मोजक्या धनिकांचा पैसा गुंतवणारा खासगी फंड) एवढे गाठीशी असले म्हणजे झाले. या फंडाने वर्षाकाठी सरासरी २४ टक्के परतावा दिला, असे क्रेमर सांगत आले आहेत. तुम्हीही असा एखादा आकडा जवळ ठेवा आणि त्यांनी २००१ मध्ये सोडला तसा फंड वेळेवर सोडा. ‘माजी’ हे विशेषण फार गुणाचे आहे, कारण चालू व्यवस्थापकाला गुंतवणूकदारांपुढे हिशेब ठेवावा लागतो, माजी व्यवस्थापकाला मात्र नुसता अनुभव असतो.

त्यानंतर आवाज कमवावा. मार्च २००५ मध्ये सीएनबीसी या अर्थविषयक वाहिनीवर ‘मॅड मनी’ सुरू झाले, त्यात बाह्या दुमडलेले क्रेमर एक बटण दाबतात आणि ‘घ्या, घ्या, घ्या’ असा घोष होतो. दुसरे दाबले की ‘विका, विका, विका’. फोनवरचा प्रेक्षक ‘बूया!’ म्हणून एखाद्या कंपनीचे नाव घेतो आणि जिचा ताळेबंद वाचायला शहाण्या माणसाला दोन रात्री लागतील, तिचा निकाल काही सेकंदांत लागतो. आपल्याकडचा पोपटवाला ज्योतिषीही पाकीट उचलायला याहून अधिक वेळ घेतो.

आता मुख्य विद्या, म्हणजे चुकणे. ११ मार्च २००८ रोजी एका प्रेक्षकाने विचारले की, बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेतून पैसे काढून घ्यावेत काय? क्रेमर गरजले की मुळीच काढू नका, बेअर स्टर्न्स ठणठणीत आहे. त्या दिवशी तिचा शेअर साठ डॉलरच्या घरात होता आणि पुढच्याच रविवारी जेपी मॉर्गन या बँकेने ती शेअरमागे २ डॉलर या भावाने घेण्याचे ठरवले. कच्चा भाष्यकार इथे तोंड लपवून बसला असता. क्रेमर यांनी खुलासा केला की प्रश्न खात्यातील पैशांचा होता, शेअरचा नव्हे. आणि खातेदारांचे पैसे खरोखरच बुडाले नाहीत. तेव्हा गर्जना करताना एवढी फट नेहमी राखावी. अगदीच गळ्याशी आले, तर वर्षभराने विनोदी वृत्त-कार्यक्रमाचे सूत्रसंचालक जॉन स्टुअर्ट यांच्यासमोर त्यांनी केले तसे मान खाली घालून ऐकून घ्यावे आणि पुन्हा आपल्या बटणांकडे परतावे.

अधूनमधून बरोबर येण्यासही हरकत नाही. फेडरल रिझर्व्हला, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, काहीच कळत नाही, असे ते ऑगस्ट २००७ मध्ये ओरडले, तेव्हा अनेकांना तो तमाशा वाटला. वर्षभराने आर्थिक संकट कोसळले, तेव्हा वाटेनासा झाला. मात्र याची सवय लावून घेऊ नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी सिलिकॉन व्हॅली बँकेचा शेअर सुचवला आणि १० मार्चला त्या बँकेला टाळे लागले.

त्याच मार्चमध्ये एका कंपनीने दोन फंड बाजारात आणले होते: एक क्रेमर यांचा सल्ला मानणारा, दुसरा नेमके त्याच्या उलट करणारा. मानणारा काही महिन्यांत गुंडाळला गेला आणि उलट चालणाराही २०२४ च्या सुरुवातीला बंद झाला. क्रेमर यांचा कार्यक्रम मात्र संध्याकाळी सहाच्या ठरल्या वेळी चालूच राहिला.