तो फोटो सोलापूरचा नाही, आणि त्यानं फरक पडतो

आज सकाळपासून एकच फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतोय. 'आपले सोलापूर विमानतळ, सन १९३५. खरे सोलापूरकर असाल तर पुढे पाठवा.' खाली हृदयं आणि जोडलेले हात. फोटोत पांढरी इमारत, तिच्या डोक्यावर चौकोनी मनोरा, पुढ्यात काँक्रीटचं पटांगण आणि त्यावर एकावर एक दोन पंखांचं, चार इंजिनांचं भलंमोठं विमान.

हे क्रॉयडन आहे. लंडनचं क्रॉयडन. ही इमारत १९२८ साली सुरू झाली आणि १९५९ साली तो विमानतळच बंद पडला. विमान इंपीरियल एअरवेजचं हँडली पेज एचपी ४२. दोन इंजिनं वरच्या पंखाला, दोन खालच्या पंखाला. अशी जगात आठच बनली. पंखावरची अक्षरं 'जी'नं सुरू होतात, म्हणजे विमान ब्रिटनमध्ये नोंदलेलं. आपल्याकडच्या विमानांवर तेव्हाही 'व्हीटी' असायचं, आजही असतं. आणि ज्यानं कुणी हे पोस्टर बनवलं त्यानं फोटोची नाकाकडची कड कापलीय. या विमानांवर 'इंपीरियल एअरवेज, लंडन' असं तिथंच लिहिलेलं असे.

हे सगळं मी ग्रुपवर नीट लिहिलं. उत्तर आलं, "मॅडम, लोकांना चांगलं वाटायलंय की. तुमचं काय जायलंय?" त्याला अंगठे देणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थी होते. ज्यांना मी भूगोल शिकवला ते.

माझं काय जातं, ते सांगते.

माझ्या आईचे वडील, आमचे तात्या, गिरणीत फिटर होते. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात भरती झाले, लढाई संपल्यावर परत येऊन पुन्हा गिरणीत लागले आणि मधल्या वर्षांबद्दल घरात फारसं कधी बोलले नाहीत. ते गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यांच्या ट्रंकेत एक फोटो निघाला. उन्हात उभी सात-आठ पोरं, खाकी अर्ध्या चड्ड्या, तात्या डावीकडून दुसरे, हात पाठीमागं बांधलेले. मागं पत्र्याची भिंत. फोटोच्या वरच्या कडेपर्यंत नुसती भिंतच.

मामांनी तो फ्रेम करून बैठकीत लावला, खाली चिठ्ठी 'जुनी गिरणी'. मामी तर त्यातली माणसं ओळखून दाखवायच्या, हे अमक्याचे वडील, ते तमक्याचे चुलते. वर्षानुवर्षं सगळ्यांनी तेच ऐकलं आणि तेच पुढं सांगितलं.

विमानतळांचे जुने फोटो ओळखायचा नाद मला पुढं लागला, तो नोकरीतल्या भूगोलामुळंच. रात्री स्वयंपाकघर आवरलं की मी भिंग घेऊन बसते. यात जादू काही नाही. धावपट्टीच्या टोकाला आकडा असतो; तो म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून. मुंबईच्या मोठ्या धावपट्टीला एका टोकाला ०९ आणि दुसऱ्याला २७, म्हणजे ती सरळ पूर्व-पश्चिम. दोन टोकांत कायम १८ चा फरक. पृथ्वीचं चुंबकीय उत्तर सरकत राहतं म्हणून हे आकडेही कधीतरी बदलावे लागतात. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडला २००९ साली ०५-२३ चं ०४-२२ करावं लागलं. मग सावली. लंडनमध्ये भर दुपारी सावली बारा महिने उत्तरेलाच पडते. आपल्या सोलापुरात मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत ती दक्षिणेला पडते. भूगोलाच्या तासाला मी हे काठी रोवून दाखवायची. बाहेर, मैदानात.

काही जागा पाहताक्षणी कळतात. बर्लिनचं टेम्पेलहोफ, किलोमीटरभराहून लांब, धनुष्यासारखी वळलेली इमारत. हाँगकाँगचं जुनं काई टाक, १९५८ साली भराव घालून थेट खाडीत घुसवलेली धावपट्टी. जिब्राल्टर तर चुकणंच शक्य नाही, मागं तो कडा आणि धावपट्टीला आडवा छेदून जाणारा शहराचा रस्ता. पण महायुद्धातल्या इंग्लंडच्या धावपट्ट्या घ्या. जड बॉम्बफेकी विमानं वाऱ्याच्या तोंडावरच उडवावी लागत, वारा फिरला तरी अडायला नको म्हणून एकमेकींना छेदणाऱ्या तीन-तीन पट्ट्या, एक मोठी, दोन लहान. वरून बघितलं की सगळ्या बहिणी-बहिणी. तिथं मग धावपट्टी बघायचीच नाही. शेजारचं रान, चर्च, रस्त्याचं वळण बघायचं. विमानानं फोटोत मुक्काम केलेला असतो तासाभराचा, रस्ता मात्र शंभर वर्षं तिथंच असतो.

तात्यांच्या फोटोवर मी भिंग धरलं ते याच सवयीनं. गिरणीच्या मागाच्या शेडचं छप्पर दातेरी असतं, काचा उत्तरेला, म्हणजे ऊन आत येत नाही पण उजेड येतो. इथं दाते नाहीत. चिमणी नाही. जमीन रेताड, सपाट, एक बाभूळसुद्धा नाही. आणि पोरांच्या बरंच मागं, भिंतीच्या अगदी बुडाशी, एक लॉरी उभी होती. आम्ही आयुष्यभर ज्याला डाग समजत होतो ती लॉरी. तिची उंची बोटानं मोजत वर गेले, फोटोची कड आली तरी भिंत संपेना. सोलापुरात काय, मुंबईतही एवढी उंच गिरणी नव्हती.

एवढं मोठं पत्र्याचं घर माणूस एकाच गोष्टीसाठी बांधायचा. हवाई जहाजासाठी, वायूनं भरलेल्या. आणि अखंड हिंदुस्थानात असं शेड एकच होतं, कराचीला, ड्रिग रोडच्या तळाजवळ. इंग्रजांनी ते 'आर-१०१'साठी बांधलं. ७७७ फूट लांबीचं ते जहाज इंग्लंडहून निघालं ते कराचीलाच यायला. ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समध्ये बोव्हेजवळ ते कोसळलं, पेटलं, ५४ पैकी ४८ माणसं गेली. त्यात ब्रिटनचे हवाई मंत्रीही होते. कराचीचं शेड ज्याच्यासाठी बांधलं ते त्यात कधी आलंच नाही. आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी मात्र १ एप्रिल १९३३ ला त्याच ड्रिग रोडवर उभी राहिली, आणि पुढं लढाईच्या वर्षांत आमचे तात्या तिथं, त्या भिंतीसमोर, उन्हात उभे होते.

कराचीच्या शेडचे दुसरे फोटो शोधून पत्र्याच्या पट्ट्या ताडून बघितल्या, आईनं कपाटातून तात्यांचा सैन्यातला कागद काढून दिला, मग मामांकडं गेले. मामी नाराज झाल्या. मामांनी फ्रेम खाली उतरवली, मांडीवर घेतली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तात्यांनी समुद्र बघितला होता गं. आणि मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

'तुमचं काय जायलंय' म्हणणाऱ्यांना हे सांगायचंय. एका चिठ्ठीनं एका मुलाला त्याच्या बापाचा समुद्र पन्नास वर्षं कळू दिला नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, हे मला मान्य आहे. आज फोटो पाठवणाऱ्यांच्याही मनात पाप नाही, तेही मान्य. पण जागेचं नाव चुकलं की त्या जागेवर उभा असलेला माणूसही चुकतो. क्रॉयडनला त्या पटांगणावर कुणीतरी शिडी ढकलत होतं, कुणीतरी पेट्या चढवत होतं. ती पोरं कुणाची तरी होती. आपण त्यांच्यावर 'सोलापूर' असं पिवळ्या अक्षरांत छापून मोकळे झालो. आणि आता तर यंत्राकडून रंग भरून घ्यायची साथ आलीय! रंग भरताना भिंतीवरचं पुसट अक्षर, कोपऱ्यातली लॉरी, सगळं गुळगुळीत होऊन जातं. ज्या डागावरून जागा ओळखायची तोच डाग साफ. राग येणार नाही तर काय येणार?

अभिमान उसना कशाला आणायचा? या गावाला काय कमी आहे?

हे लिहीत होते तेवढ्यात त्या फॉरवर्डखाली आमच्या पेठेतल्या एका काकूंनी लिहिलेलं वाचलं. 'आमचे हे लहानपणी विमान बघायला सायकलवर जायचे म्हणून सांगायचे. आज जागा बघायला मिळाली.' काका जाऊन बरीच वर्षं झाली. यावर काय बोलणार? त्यांना 'काकू, हे लंडन आहे' असं मी लिहू शकले नाही, आणि लिहिणारही नाही. उद्या घरी जाऊन बसेन त्यांच्यापाशी.

पण ज्यांनी काकूंना ते पोस्टर पाठवलं त्यांच्यावर माझा राग आहे तो आहेच. काकांची सायकल जिथं टेकली होती ती जागा बघायचा काकूंचा हक्क होता. त्यांना परदेशातलं अंगण दाखवलं गेलं.

आपल्या जागेचे फोटो नाहीत असं मला वाटत नाही. होटगी रोडवरच्या आपल्या विमानतळाच्या कुंपणापाशी उभं राहून काढलेले, कुणी मंत्री उतरले तेव्हाचे, नातेवाईक विमान बघायला आले तेव्हाचे, असे फोटो या गावातल्या कपाटांत नक्की आहेत. फोटोत मागं साखर कारखान्याची उंच चिमणी दिसत असेल तर तो १५ जून २०२३ च्या आधीचा, विमानांच्या वाटेत येते म्हणून त्या दिवशी ती पाडली. चिमणीवरून आपण एकमेकांशी किती भांडलो ते सगळ्यांना आठवतंय, मला ते उकरायचं नाही. फोटोची तारीख ठरवायला मात्र तिच्याइतकी पक्की खूण दुसरी नाही. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं तेव्हा निम्म्या गावानं सेल्फी काढल्या. त्यावरही आत्ताच लिहून ठेवा, कुठं, कधी, कोण. पन्नास वर्षांनी तुमच्या नातवंडाला भिंग घेऊन बसायला लागू नये.

जुने फोटो असतील तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं नको, दाबानं पुढं वळ उमटतो. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. मोबाईलवर घेताना चारी कडा येऊ द्या, स्टुडिओचा शिक्का असेल तर मागच्या बाजूचाही वेगळा घ्या. रंग भरू नका. जागा माहीत नसेल तर 'माहीत नाही' असंच लिहा, ओळखायला मी बसलेय.

आणि होटगी रोडचा एखादा जुना फोटो कुणाकडं असेल, कितीही फाटका, कितीही पुसट, तर तो इथं खाली टाका. उद्या संध्याकाळी काकूंकडं जायचंय, त्याच्या आत मिळाला तर फार बरं होईल.