एबिटडा म्हणजे हातात उरलेली रोकड नव्हे

‘छोट्या खाण कंपनीचा एबिटडा ४० कोटी, म्हणजे दरवर्षी ४० कोटी रोख उरतात, १२० कोटींचं कर्ज तीन वर्षांत फिटेल’ हा मेसेज फिरतोय. मागच्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा.

एबिटडा हा व्याज, कर आणि घसारा (यंत्रं वगैरे झिजतात म्हणून दरवर्षी हिशेबात धरलेली रक्कम) वजा करण्याआधीचा नफ्याचा आकडा. खाणीत घसारा नुसता कागदावरचा नसतो. डंपर झिजतात, बदलावे लागतात. जमिनीतला खनिजाचा साठाही प्रत्येक ट्रकमागे घटतो. खनिजावरची माती-दगड हटवण्याचा खर्च तर कधी कधी त्या वर्षीच्या खर्चात न धरता थेट मालमत्ता म्हणून ताळेबंदात जातो आणि एबिटडा गुबगुबीत दिसतो. (खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायची रॉयल्टी मात्र सहसा आधीच वजा झालेली असते.) सोन्याच्या खाणींसाठी तर वर्ल्ड गोल्ड काउन्सिल या खाण कंपन्यांच्या संघटनेने २०१३ मध्ये खाण चालू ठेवण्याचा भांडवली खर्चही धरणारं खर्चाचं माप आणलं.

समजा, ४० कोटींतून व्याज १२, कर ४, यंत्रं आणि माती हटवणं १८. उरले ६. तीन वर्षं कुठली!

वार्षिक अहवालातला रोख प्रवाहाचा तक्ता उघडून पाहा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.