"कोणीतरी इथिओपियन" नाही, अमाने बेरिसो

आज सकाळी आमच्या रनिंग ग्रुपवर एका महाशयांनी मेसेज टाकला, की मुंबई मॅरेथॉनला हे आफ्रिकन बोलवायचं बंद करा, येतात, पळतात, डॉलर घेऊन जातात, आपल्याला काय मिळतं, नावं पण लक्षात राहत नाहीत कोणाची. आणि खाली अंगठ्यांची रांग! नावं तुमच्या लक्षात राहत नाहीत यात त्या बायकांची काय चूक हो?

एक नाव सांगते, ठेवा लक्षात. अमाने बेरिसो. २०२० ची मुंबई मॅरेथॉन तिने जिंकली, २ तास २४ मिनिटं ५१ सेकंद, म्हणजे ताशी साधारण साडेसतरा किलोमीटर, आणि हे सलग बेचाळीस किलोमीटर. तुम्ही आम्ही त्या स्पीडने चारशे मीटर तरी पळून दाखवू का?

मी होते त्या दिवशी पेडर रोडला. शेजारच्या काकू पण आलेल्या, संक्रांत नुकतीच झालेली म्हणून डबा भरून तिळगूळ आणलेला, येईल त्या रनरच्या हातावर ठेवायचा हा बाईंचा कार्यक्रम. तो परतीचा चढ माहितीच आहे तुम्हाला, निम्मी माणसं तिथे पळायचं सोडून चालायला लागतात. आणि ही बाई अशी वर आली की जसा काही चढ नाहीच! काकू डबा घेऊन पुढे, "अगं एवढं तोंडात टाक तरी!" मागून एकजण म्हणाला, काकू त्या थांबत नसतात, प्रोफेशनल आहेत. काकू म्हणे, प्रोफेशनलला भूक लागत नाही का? पण त्या गडबडीत काकूंनी तिच्या बिबवरचं, म्हणजे छातीवरच्या नंबरपट्टीवरचं, नाव वाचलं होतं आणि मग भाचीला हाक मारावी तशा ओरडल्या, "चल गं अमाने!" सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी घरी येणाऱ्या पेपरात काय, तर फ्लॅग दाखवणाऱ्या हिरोचा मोठा फोटो आणि आत "इथिओपियाचं वर्चस्व". वर्चस्व देश गाजवतो का? पाय कोणाचे होते?

बरं, ही काही नवखी नव्हती. २०१६ ला दुबईत पहिलीच मॅरेथॉन पळाली ती २:२०:४८ मध्ये, दुसरी आली. पहिल्या फटक्यात असा टाइम लागला की लोकांना वाटतं आता दरवर्षी रेकॉर्ड. पण तो टाइम तिचा तिलाच जवळपास सात वर्षं मोडता आला नाही. सात वर्षं! आपली हाफ मॅरेथॉन दोन मिनिटांनी चुकली तर आपण "रनिंगला ब्रेक घेतोय" अशी पोस्ट टाकतो, आणि इथिओपियात तर मागे रांग लागलेली असते, तू नाहीस तर दुसरी. मुंबई जिंकली ती याच सात वर्षांच्या मधे, म्हणजे काकूंनी हाक मारली तेव्हा जगाच्या हिशेबात ती "एक चांगली होती ती" अशी रनर होती.

मग डिसेंबर २०२२, स्पेनमधली वॅलेन्सिया मॅरेथॉन. सगळ्यांचे डोळे लेटेसेनबेट गिडेवर, कारण ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि हाफ तिन्हीचे वर्ल्ड रेकॉर्ड तिच्या नावावर आणि ही तिची पहिली मॅरेथॉन. आणि जिंकलं कोणी? आपल्या पेडर रोडवाल्या अमानेने, २:१४:५८! त्या दिवसापर्यंत जगात फक्त दोनच बायका याहून जोरात पळाल्या होत्या. स्वतःच्याच टाइममधून जवळजवळ सहा मिनिटं काढली तिने. पुढच्या एप्रिलमध्ये बोस्टनला दुसरी, आणि ऑगस्ट २०२३ ला बुडापेस्टच्या उकाड्यात वर्ल्ड चॅम्पियन, आधीची चॅम्पियन गोटिटोम गेब्रेसलासे अकरा सेकंदांनी मागे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पाचवी आली.

बुडापेस्टचा निकाल आला तेव्हा मी काकूंना फोन केला. म्हटलं काकू, तुमची अमाने जगात पहिली आली. त्या म्हणाल्या, "तिळगूळ नाही घेतला तरी?"

असो. आता येतील ते "त्यांना उंचावर राहण्याचा फायदा असतो" वाले. त्यांची राजधानी अदिस अबाबा साधारण २३५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही बरंच वर, मान्य. पण नुसतं उंचीवर राहून कोणी पळत नाही, नाहीतर लेह-लडाखमधून दरवर्षी चॅम्पियन निघाल्या असत्या. १९९२ ला इथिओपियाच्याच देरार्तू तुलूने १० हजार मीटरचं ऑलिम्पिक गोल्ड आणलं, १९९६ ला अटलांटा ऑलिम्पिकमध्ये फातुमा रोबाने मॅरेथॉन जिंकली, आफ्रिकेतली पहिली बाई, दुसरीपेक्षा पुरी दोन मिनिटं पुढे, मग ९७, ९८, ९९ लागोपाठ तीन वर्षं बोस्टन. मागून येणाऱ्या पोरींना डोळ्यासमोर असं कोणीतरी लागतं. मग टिगिस्ट असेफासारखी रिओ ऑलिम्पिकला ८०० मीटर पळणारी मुलगी २०२३ मध्ये बर्लिनला २:११:५३ पळून वर्ल्ड रेकॉर्ड करते.

डोपिंगचं, म्हणजे उत्तेजक औषधांचं काय, म्हणाल. आहे तो प्रश्न, लाँग डिस्टन्समध्ये खूपच आहे, पण पुरावा नसताना प्रत्येक काळ्या बाईकडे त्याच नजरेने बघायचं असेल तर माझ्याशी वाद घालू नका.

आणि "आपल्या मुलींना द्या ते पैसे". द्या ना! जास्त द्या! भारतीयांची बक्षिसं वेगळी असतातच, ती वाढवा, मी सही करते. पण मला सांगा, माण तालुक्याच्या दुष्काळातून आलेली ललिता बाबर याच रस्त्यांवर भारतीय गटात जिंकायची, नंतर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीला वळली आणि रिओच्या फायनलपर्यंत गेली, तिच्याबद्दल या ग्रुपवर शेवटचं कोण कधी बोललं? कोणीच नाही. म्हणजे इथिओपियन बाईचं नाव अवघड म्हणून राहत नाही आणि साताऱ्याच्या बाईचं सोपं असूनही राहत नाही. मग अडचण कुठे आहे?

(तिकडे आडनाव नसतं बरं का, स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. अमाने बेरिसो शांकुले. आपल्याला तर सोपं जायला हवं.)

लांबलं, माहितीये. हे सगळं आत्ता ग्रुपवर पण चिकटवतेय, ॲडमिनने काढलं तर काढू दे. आणि अंगठे देणाऱ्यांनो, जानेवारीत पेडर रोडला काकू आणि मी असणारच आहोत, बिबवर तुमचंही नाव छापलेलं असेल आणि चढावर चालताना दिसलात तर काकू मोठ्याने वाचणार आहेत.