ओनानची गोष्ट शेवटपर्यंत वाचा

डब्लिनला येऊन मला अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत घरच्या फोनमुळे रात्रभर झोप लागली नाही असं दोनतीनदाच झालंय, त्यातला एक फोन गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा आला. तिची तिन्ही बाळंतपणं सिझेरियनची, तिसऱ्या वेळी रक्तस्राव इतका झाला की डॉक्टरांनी तिला आणि नवऱ्याला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, आता परत दिवस राहू देऊ नका, जिवावर बेतेल. मग एका प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या पास्टरांनी संदेशात सांगितलं की गर्भनिरोधन म्हणजे ओनानचं पाप आणि देवाने ओनानला त्यासाठी ठार केलं. तिचा नवरा घाबरला. तो वाईट माणूस नाहीये हे मी आधीच सांगते, बायकोवर जीव आहे त्याचा, पण देवाच्या शब्दाची भीतीसुद्धा तितकीच आहे, आणि त्या दिवसापासून तो काही वापरायला तयार नाही आणि ती रात्र झाली की घाबरून असते. मला म्हणाली, "ताई, बायबलमध्ये खरंच असं लिहिलंय का गं?"

मी तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितेय, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

आधी सरळ उत्तर देते. नाही, गर्भनिरोधनाला मनाई करणारं एकही वचन बायबलमध्ये नाहीये. बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाचा १८वा आणि २०वा अध्याय काढून बघा, कोणाशी संबंध ठेवायचा नाही, कधी ठेवायचा नाही याची केवढी लांब यादी आहे, पाळीच्या दिवसांबद्दलसुद्धा नियम आहे, पण मूल होऊ नये म्हणून काही करण्याबद्दल एक अक्षर नाही. आणि त्या काळी लोकांना असले उपाय माहीतच नव्हते असंही नाही, इजिप्तमधल्या जवळपास ३८०० वर्षांपूर्वीच्या पपायरसवर गर्भ राहू नये म्हणून करायचे उपाय लिहिलेले सापडलेत, आणि इस्राएल लोक इजिप्तमधूनच तर आले होते. ज्या नियमशास्त्राने कपड्यात कुठले धागे एकत्र विणायचे नाहीत इथपर्यंत लिहिलं, त्याला हे लिहायचं असतं तर लिहिता आलं असतं.

आता ओनान. उत्पत्तीचा ३८वा अध्याय, वचन ८ ते १०. ही तीन वचनं सगळ्यांना पाठ असतात पण मागचं पुढचं कोणी वाचत नाही. यहूदाचा मोठा मुलगा एर मरतो, त्याची बायको तामार विधवा होते, मूल नाही. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे धाकट्या दिराने तिच्यापासून मुलगा होऊ द्यायचा, तो मुलगा मेलेल्या भावाचा गणला जाणार, भावाचं नाव चालवणार. ओनानला माहीत होतं की हे मूल आपलं म्हणवलं जाणार नाही, आणि ते झालं तर थोरल्याचा वाटा आपल्या हातून जाणार. म्हणून तो तामारेकडे जात राहिला आणि दर वेळी रेत जमिनीवर पाडत राहिला. तो काय करत होता हे नीट बघा. तिचं शरीर त्याला हवं होतं, तिच्याबद्दलचं कर्तव्य नको होतं. मुलगा नसलेल्या विधवेला त्या काळात ना आधार होता ना मान, आणि तिचा एकुलता एक हक्क तो तिच्याच अंथरुणात तिच्यापासून चोरत होता.

यावर एक उत्तर येतं आणि ते मी टाळणार नाही, कारण त्यात दम आहे. ते असं की बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात हे दिराचं कर्तव्य नाकारणाऱ्याला मरणाची शिक्षा नाहीये, भावजयीने गावच्या वडील मंडळींसमोर त्याच्या पायातला जोडा काढायचा आणि तोंडावर थुंकायचं एवढंच, मग ओनानला मरण का? म्हणजे त्याचं पाप कर्तव्य नाकारण्याचं नसून रेत वाया घालवण्याचंच असणार. मी यावर पुष्कळ विचार केलाय. माझं म्हणणं असं की अनुवादमधला माणूस निदान चारचौघांत नाही म्हणतो. लाज जाते त्याची, पण बाई मोकळी होते. ओनान नाही म्हणत नाही. तो होकार देतो आणि फसवतो, आणि त्यामुळे तामारेला दुसरीकडे दादही मागता येत नाही. दोन्ही गुन्हे एका मापाचे नाहीत.

आणि अध्याय १०व्या वचनाला संपत नाही हो! तो ३०व्या वचनापर्यंत आहे. पुढे यहूदा तिसऱ्या मुलाशी तिचं लग्न लावून देतो म्हणून सांगतो आणि तिला माहेरी बसवून ठेवतो, शेवटी ती स्वतःच मार्ग काढते, ओळख लपवून यहूदापासूनच गरोदर राहते, आणि व्यभिचारी म्हणून तिला जाळायला निघालेला तोच यहूदा २६व्या वचनात कबूल करतो की ही माझ्यापेक्षा नीतिमान आहे. हा सगळा अध्याय एका बाईवर घरातल्या पुरुषांनी केलेल्या अन्यायाचा आहे. तिचा मुलगा पेरेस, त्याचं नाव मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात येशूच्या वंशावळीत आहे आणि तिथे तामारेचंही नाव आहे. अशा अध्यायातली तीन वचनं तोडून ती एका बाईला मरणाच्या दारात उभी करायला वापरली जातात, याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

गर्भनिरोधनाविरुद्ध दाखवलं जाणारं दुसरं वचन, "फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा", याबद्दल थोडक्यात. तो आशीर्वाद आहे, उत्पत्ती १:२२ मध्ये माशांना आणि पाखरांनाही तोच दिलाय. प्रत्येक माणसावर ती सक्ती असती तर अविवाहित राहणं बरं असं पौलाने १ करिंथ ७ मध्ये लिहिलं नसतं. त्याच अध्यायात तो नवराबायकोने एकमेकांचा हक्क द्यावा, एकमेकांच्या संमतीशिवाय दूर राहू नये असं सांगतो आणि त्या सगळ्या सल्ल्यात मूल होण्याची अट कुठेच घालत नाही. माझ्या बहिणीच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं वचन मला हेच वाटतं, कारण इथे बाईची संमती लिहिलेली आहे, स्पष्ट शब्दांत.

पण दुसऱ्या बाजूवर अन्याय करायचा नाही. बायबलमध्ये नाही म्हणजे चर्चने कधी मनाई केलीच नाही असं कोणी म्हणत असेल तर तेही खोटं आहे. जुन्या चर्चमधले संत ऑगस्टिन यांनी मनाई केली, प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या ल्यूथर आणि कॅल्विन यांनी ओनानवर अतिशय कडक शब्दांत लिहिलंय, आम्ही प्रोटेस्टंट लोक हे सोयीस्कर विसरतो. १९३०पर्यंत कुठल्याही मोठ्या चर्चने उघडपणे परवानगी दिलेली नव्हती. त्या वर्षी अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने १९३ विरुद्ध ६७ मतांनी पहिल्यांदा, तीही मर्यादित, वाट मोकळी केली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोप पायस अकरावे यांचं परिपत्रक आलं, त्यात पुन्हा ठाम नकार, आणि तिथे ऑगस्टिनच्या तोंडून ओनानचा दाखला आहे. मग १९६८ साली पोप पॉल सहावे यांचं ह्युमाने व्हिते हे परिपत्रक आलं, त्यातही नकारच. त्याआधी पोपनीच नेमलेल्या आयोगातल्या बहुसंख्य सदस्यांनी १९६६ मध्ये शिकवण बदलावी असं मत दिलं होतं, पोपनी ते मानलं नाही.

माझं माहेर प्रोटेस्टंट आणि सासर कॅथलिक, म्हणून ह्युमाने व्हिते मी कर्तव्य म्हणून वाचलं आणि वाचून थक्क झाले, कारण त्यात ओनान नाहीच! सगळा युक्तिवाद निसर्गनियमाचा आहे, की पतिपत्नीच्या प्रेमाचा आणि संततीच्या शक्यतेचा धागा माणसाने मुद्दाम तोडू नये. मला तो युक्तिवाद पटत नाही पण तो प्रामाणिक आहे, तो वचनाच्या आड लपत नाही. आणि त्यातच हेही लिहिलंय की गंभीर कारण असेल तर जोडप्याने अंतर ठेवावं, मूल आणखी नको असं ठरवावं, त्यासाठी पाळीच्या चक्रातले सुरक्षित दिवस पाळावेत. म्हणजे सगळ्यात कडक समजलं जाणारं चर्चसुद्धा माझ्या बहिणीला आणखी मूल होऊ द्या असं म्हणत नाही, फक्त मार्ग कुठला यावर त्याचा आग्रह आहे. त्या पास्टरांनी यातलं काहीच सांगितलं नाही. "ही आमच्या चर्चची शिकवण आहे" असं म्हणा, मी ऐकून घेईन, वाद घालीन, नमस्कारही करीन. "देवाने असं लिहिलंय" म्हणू नका, लिहिलेलं नाहीये.

आता हे मी आयर्लंडमध्ये बसून का लिहिते. इथे हा वाद प्रार्थनासभेत राहिला नाही, कायद्यात शिरला. १९३५च्या कायद्याने गर्भनिरोधकं विकणं आणि बाहेरून आणणं, दोन्ही गुन्हा झाला. १९६०च्या दशकात गोळ्या आल्या तेव्हा डॉक्टर त्या पाळी नियमित करण्याचं औषध म्हणून लिहून द्यायचे, म्हणजे ज्या बाईला धड बोलता यायचं आणि समजूतदार डॉक्टर मिळायचा तिची सोय, बाकीच्यांनी काय करायचं! २२ मे १९७१ला काही बायका रेल्वेने बेलफास्टला, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये गेल्या, जिथे ही बंदी नव्हती, तिथे ही साधनं खरेदी केली आणि डब्लिन स्टेशनवर कस्टमच्या लोकांसमोर उघड दाखवत बाहेर पडल्या.

मला मात्र जास्त आठवते ती मे मॅगी नावाची एक आयरिश बाई. चार मुलांची आई, नवरा मच्छीमार, गरोदरपणात जिवावरची दुखणी येऊन गेलेली, डॉक्टरांनी सांगितलेलं की आता परत नको. अगदी माझ्या बहिणीची गोष्ट. तिने इंग्लंडहून शुक्रजंतुनाशक जेली मागवली आणि कस्टमने पाकीट जप्त केलं. नवऱ्याच्या पाठिंब्याने ती कोर्टात गेली, आणि डिसेंबर १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ असा निकाल दिला की नवराबायकोच्या खासगी निर्णयात सरकारने घुसायचं नाही. आयर्लंडची राज्यघटना सुरू होते परमपवित्र त्रैक्याच्या नावाने, आणि त्याच घटनेत न्यायाधीशांना हा हक्क सापडला. तरी पुढे १९७९चा कायदा आला तो कंडोमलासुद्धा डॉक्टरची चिठ्ठी मागणारा, १९८५ साली ती अट गेली, आणि २०२२ पासून हेच सरकार तरुण मुलींना गर्भनिरोधन फुकट देतंय, आता वयाची मर्यादा ३५पर्यंत गेलीये.

माझ्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत, अजून रोज मिस्साला जातात. सहा मुलं. एकदा मी धीर करून विचारलं तर बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या की पाचव्यानंतर मी कन्फेशनमध्ये विचारलं होतं, फादर म्हणाले देव पुरवेल, देवाने पुरवलंही, पण मी किती थकले होते हे मला कोणी कधी विचारलं नाही. एवढंच बोलल्या आणि उठून केटल लावायला गेल्या.

घरी बोलताना मला हे सांगावंसं वाटतं आणि लगेच आठवतं की आपल्याकडे दुसऱ्या टोकाची जबरदस्तीही होऊन गेलीये. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीची ऑपरेशनं झाली, कितीतरी लोकांना नको असताना. आजही महाराष्ट्रात २००५च्या नियमाने सरकारी नोकरीसाठी दोनच मुलांची अट आहे, आणि दुसरीकडे केरळमधल्या पाला धर्मप्रांताने २०२१ साली पाच किंवा जास्त मुलं असलेल्या कुटुंबांना दरमहा मदत जाहीर केली. एकाचा आकडा दोन, एकाचा पाच, आणि दोघांनीही बाईला विचारलेलं नाही. ज्या जोडप्याला श्रद्धेने सहा मुलं हवीत त्यांना माझा मनापासून पाठिंबा आहे, तो त्यांचा निर्णय. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, लंडनमध्ये मेरी स्टोप्सने काढलं त्याच वर्षी, आणि १९२५ साली याच कामापायी त्यांना मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजातली प्रोफेसरी सोडावी लागली. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना हे आपल्या घरातलं म्हणून माहीत असायला हवं. शंभर वर्षं झाली, आणि माझी बहीण अजून तोच प्रश्न विचारतेय.

मी तिला म्हटलं, तू एकटी वाचू नकोस, दोघं मिळून वाचा, ३८वा अध्याय पहिल्या वचनापासून शेवटच्यापर्यंत, मोठ्याने, आणि मग डॉक्टरांकडे दोघं जा.

परवा त्याचाच फोन आला. म्हणाला, ताई, २६वं वचन मी कधी वाचलंच नव्हतं. मग बराच वेळ वाद घातला माझ्याशी, अनुवाद २५चा मुद्दा त्याने स्वतःच काढला, माझं उत्तर त्याला पूर्ण पटलंय असं मला वाटलं नाही. शेवटी म्हणाला, तिला आता आणखी औषधं नकोत, डॉक्टरांनी माझ्या ऑपरेशनबद्दल सांगितलंय, सोमवारी जाऊन तारीख घेतोय.